आधी आपल्या हातावर

माझ्या वहिनीने केलेल्या पहिल्या मलमाने अण्णांच्या हातावर काहीही केलं नाही, आणि त्यावरून आमच्या घरात आठवडाभर कोणी धड जेवलं नाही.

औषधाने हातावर काही केलं नाही, यात एवढं दुःख कसलं, असं कोणालाही वाटेल. पण आमचं औषधच उलट्या डोक्याचं. ते लावलं की दुसऱ्या दिवशी कातडीवर फोड यावा लागतो. स्वच्छ पाण्याने भरलेला, वाटाण्याएवढा, कडेने लाल पण चिडलेला नाही असा. फोड आला की खालची चामखीळ मुळापासून सुटते, आणि फोड वाळला की त्याच्याबरोबर निघून जाते. फोड आला नाही तर ते मलम म्हणजे नुसतं मेण. फार मोठा आला तर माणूस कळवळत दुकानात येतो आणि अण्णांना चार शब्द सुनावतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

हे मलम किड्यांचं असतं. हिंगे म्हणतात त्यांना. काळे, पंखांवर नारिंगी पट्टे, फुलांवर बसून आरामात पाकळ्या खाणारे. दिसायला देखणे, पण चुकून बोटात चिरडले तर बोट भाजल्यासारखं होतं. त्यांच्या अंगात कॅन्थारिडिन नावाचं द्रव्य असतं. हे नाव मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "असेल. आमचे वडील त्याला नुसतं तिखट म्हणायचे." आणि खलबत्ता पुढे ओढून कामाला लागले.

अण्णा म्हणजे माझे वडील. दुकान खाली, घर वर. दुकानात एक लांब बाक, एक टेबल, टेबलावर वाकत्या मानेचा दिवा, भिंग, कापूस, चिकटपट्टीचं रीळ. मागच्या खोलीत शेगडी, काचेच्या बुचांच्या बाटल्या आणि एक कपाट, ज्याची किल्ली अण्णांच्या खिशात. गल्लीत दोन दवाखाने आणि एक मोठं औषधांचं दुकान आहे, तरी चामखिळीसाठी लोक आमच्याकडेच येतात. हॉटेलात भांडी घासणारे, शिंपी, पियानो शिकवणाऱ्या एक बाई. चामखिळीने कोणी मरत नाही, हे खरं. पण सुटे पैसे परत देताना चामखिळीच्या बोटांना शिवायला नको म्हणून गिऱ्हाईक नाणी टेबलावर ठेवायला सांगतं, तेव्हा काय वाटतं ते त्या माणसालाच माहीत.

दुकानाचे नियम दोनच. पहिला, पोटात कधीच नाही. या किड्यांबद्दल पुरुषांमध्ये काही खुळचट समजुती आहेत. अधूनमधून एखादा कोपऱ्यात येऊन, आवाज खाली आणून, जरा वेगळ्या उपयोगाची चौकशी करतो. अण्णा त्याला मोठ्या आवाजात, सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं उत्तर देतात: "मूत्रपिंडं जातील. चालेल?" तो परत येत नाही.

दुसरा नियम, आधी आपल्या हातावर, मग दुसऱ्याच्या. प्रत्येक नवं मलम झालं की अण्णा मोहरीएवढं डाव्या हाताच्या आतल्या बाजूला लावतात, वर पट्टी चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघतात. फोड बरोबर आला तर मलम कपाटात. नाहीतर मातीत. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत फिकट गोल डागच डाग आहेत, धुळीवर पावसाचे थेंब पडून सुकावेत तसे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांचे हात असे असतात.

मी त्यांची मुलगी. घरात मला छोटी म्हणतात. चष्मा लागला, केस पिकले, तरी या पदावरून बढती नाही. मी पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि दोन गल्ल्या सोडून राहते, पण जेवायला इथेच असते. स्वयंपाकाचा कंटाळा ही माझ्या आयुष्यातली एकमेव ठाम भूमिका आहे. माझा मोठा भाऊ, दादा, लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर-खाली करून तो इतका दमतो की घरी आल्यावर कुठल्याच बाजूला हलत नाही. दुकानात त्याला कधीच रस नव्हता, आणि मला होता तेव्हा अण्णांनी "तू शिक, शाळा सोडू नकोस" म्हणून मला बाहेर काढलं. त्याचा मला राग होता. थोडा अजूनही आहे.

आता खरी गोष्ट. हिंगे मिळेनासे झाले. शहराबाहेरच्या शेतांवर फवारण्या वाढल्या, बांधांवरची रानफुलं गेली. अण्णा पहाटे पिशवी घेऊन जायचे आणि रिकामी पिशवी घेऊन यायचे. कपाटातली वाळवलेल्या किड्यांची बरणी तळाला लागली. अण्णांनी शांतपणे सांगून टाकलं, की बरणी संपली की दुकान बंद. मी ते शांतपणे ऐकलं, वहिनीने नाही.

वहिनी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. वसतिगृह विकलं गेलं, तिथे पार्किंग आलं, आणि वहिनी घरी बसली. बसली म्हणजे काय, घरातल्या सगळ्या डब्यांवर लेबलं लागली, दादाच्या मोज्यांच्या जोड्या लागल्या आणि मला जेवायला उशीर का झाला याचा जाब द्यावा लागू लागला. मग एक दिवस ती अण्णांना मदत म्हणून खाली गेली आणि खालचीच झाली. बाकावरच्या माणसाचा हात हातात घेऊन भिंगातून बघताना तिचा चेहरा वेगळाच दिसायचा. मला ती एकदा भांडी घासताना म्हणाली होती, "छोटी, इतकी वर्षं मी मुलींना 'हे करू नकोस, ते करू नकोस' एवढंच सांगितलं. इथे कोणीतरी येतं आणि बरं होऊन जातं. मला हे काम हवंय."

पण अण्णा तिला कापूस पुरवू देत, पट्टी चिकटवू देत. मलमाला हात लावू देत नसत.

तिने मग कोणाला न विचारता गच्चीवर जाळीच्या पेट्या केल्या आणि लांबच्या गावाहून थोडे हिंगे मागवून पाळायला घेतले. हे बोलायला सोपं आहे. हिंग्यांची पिल्लं नाकतोड्यांची अंडी खातात, दुसरं काही तोंडात घेत नाहीत, म्हणून आधी नाकतोडे पाळावे लागले. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांतून नाकतोडे निघायला लागले. दादा एकदा सकाळी शर्ट घालून खाली उतरला तो नाचतच. पण बाईने हार मानली नाही. पहिली पिढी जगली, तिची अंडी झाली, दुसरी पिढी मोठी झाली, आणि एक दिवस वहिनीने अण्णांपुढे वाळवलेल्या किड्यांची भरलेली बरणी ठेवली.

अण्णा बराच वेळ बरणी फिरवून बघत होते. मग म्हणाले, "मलम तू कर. माझ्या हातावर फोड बरोबर आला तर दुकान तुझं. नाही आला तर हा विषय परत काढायचा नाही."

वहिनीने मलम केलं. किडे वजन करून घेतले, ओल्या फडक्याखाली कुटले, तेलात मंद आचेवर ठेवले, गाळले, मेण घातलं. अण्णांचं बघून बघून तिला सगळं पाठ होतं. अण्णांनी हातावर लावलं, पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तर खाली कातडी जशीच्या तशी. ना फोड, ना लाली.

वहिनी म्हणाली, "अजून एक दिवस ठेवून बघायचं का?"

"नको," अण्णा म्हणाले. "नाही झालं. असू दे."

चिडले असते तर बरं झालं असतं. ते 'असू दे' फार वाईट होतं. दादाने जेवताना वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला, "निदान कोणाला त्रास तरी नाही झाला," म्हणाला. वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुढचे दोन दिवस मीठसुद्धा स्वतः उठून घेतलं.

वहिनी कधी कोणाची विनवणी करत नाही. या वेळी तिने केली. अजून एक पेटी भरून किडे होते, एक संधी द्या म्हणाली. अण्णांनी होकाराची मान हलवली. तीच कृती, तेच वजन, तीच आच. मी स्वतः शेजारी उभी राहून बघितली. अण्णांनी हातावर लावलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा चहाला बाहेर आले नाहीत. वहिनी बोलवायला गेली तर ते पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसलेले. पट्टी फोडानेच उचलून टाकली होती. फोड वाटाण्याएवढा नाही, लिंबाएवढा होता, आणि भोवती हात कोपरापर्यंत लाल. वहिनीने फोड स्वच्छ केला, ओली पट्टी ठेवली, हात उशीवर ठेवला. तिचे हात स्थिर होते, पण ती रडत होती, आणि रडतेय हे लपवत नव्हती.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "एकदा काहीच नाही, एकदा हे. हे मी कोणाच्या बोटाला लावू? औषध म्हणजे सोडत नव्हे."

त्या दिवशी संध्याकाळी वहिनीने गच्चीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "तू बघ ते उरलेले किडे सोडून द्यायचे कुठे," म्हणाली. तिला दुकान मिळणार नाही, हे तिने मान्य केलं होतं. मी नव्हतं केलं. एकदा मलाही त्या दारातून असंच बाहेर काढलं होतं, म्हणून असेल. किंवा मला न समजलेली गोष्ट चैन पडू देत नाही, म्हणूनही असेल. एकाच घरातले किडे, एकाच हाताची कृती, आणि एक मलम पाणी तर दुसरं निखारा. हे होऊच शकत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत कॅन्थारिडिन मोजायची सोय आहे, आणि ती काही अण्णांसाठी केलेली नाही. हिंगे चाऱ्याच्या गंजीत अडकून वाळतात, तो चारा घोड्याने खाल्ला तर घोडा मरतो. म्हणून घोडेवाले चारा तपासून घेतात. मी साहेबांना सांगून तीन डब्या तपासणीला लावल्या: वहिनीचं पहिलं मलम, दुसरं मलम, आणि अण्णांच्या कपाटातलं जुनं, जे बरोबर म्हणून ठरलेलं. यंत्राने जे सांगितलं ते अण्णांच्या हाताने आधीच सांगितलं होतं. जुन्यात हवं तेवढं. पहिल्यात नावाला. दुसऱ्यात जुन्याच्या कितीतरी पट. साहेब म्हणाले, "हे घोड्याजवळ नेऊ नका."

मी गच्चीवर गेले. वहिनी पेट्या पुसत होती. किडे सोडायचे होते, तरी पेट्या पुसत होती.

"पहिलं मलम कुठल्या पेटीतलं?" मी विचारलं.

"ह्या."

"आणि दुसरं?"

"त्या."

दोन्ही पेट्या सारख्या. जाळी तीच, फुलं तीच, पाण्याची वाटी तीच. फक्त दोन्हींच्या मध्ये वहिनीने एक पुठ्ठा उभा केला होता. का, ते मला कळेना.

"दोन पेट्या कशाला केल्यास? एकीत मावले असते की."

वहिनी जरा गोरीमोरी झाली. "ह्या मुलींच्या," ती म्हणाली. "त्या मुलग्यांच्या."

"काय?"

"अगं, मिशांवरून कळतं. भिंगातून बघून निवडले मी, जरा मोठे झाल्या झाल्या. नाहीतर अंडी किती होतील? एवढी पिलावळ ठेवू कुठे? नाकतोडे पुरतील का? म्हणून म्हटलं, वेगळे ठेवलेले बरे. आणि मुली जाडजूड असतात ना, म्हणून पहिलं मलम त्यांचं केलं. म्हटलं, जास्त अंग, जास्त औषध."

मी तिथे गच्चीवर बसकण मारली आणि हसत सुटले. वसतिगृह गेलं पण रेक्टर गेली नव्हती. पुठ्ठासुद्धा नुसता वेगळं करायला नव्हता, एकमेकांना दिसू नयेत म्हणून होता. वहिनीला आधी राग आला, मग मी का हसतेय ते मी तिला सांगितलं, तेव्हा ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

कारण साधं आहे. हे द्रव्य नर तयार करतो. मोठ्या झालेल्या मादीला ते करता येत नाही. जोडी जमते तेव्हा नर आपल्याजवळचा साठा तिला देतो, आणि ती तो अंड्यांना माखते, म्हणजे मुंग्या नि बाकीचे त्यांना तोंड लावत नाहीत. मुलींच्या पेटीत कोणाला काही मिळालंच नव्हतं. मुलग्यांच्या पेटीत सगळ्यांनी साठवून साठवून ठेवलं होतं, द्यायला कोणी नव्हतं.

हे अण्णांना सांगायचं काम माझ्यावर आलं. सून समोर, वडील समोर, आणि विषय हा. मी घसा खाकरला, 'मीलन' म्हणू की काय म्हणू असा विचार केला, आणि शेवटी म्हणाले, "अण्णा, नर लग्नात आहेर देतो. वहिनीने लग्नंच लागू दिली नाहीत."

अण्णा पट्टी बांधलेला हात छातीशी धरून ऐकत होते. "तरीच," ते म्हणाले. "मी पहाटे फुलांवरून उचलायचो ते जोडीनेच सापडायचे. जोडीतले उडत नाहीत, आयते हाती येतात. मला वाटायचं, आपण चपळ." आणि ते हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

पुठ्ठा काढला. पेट्या एकमेकींना जोडल्या. दादा खास वर आला आणि म्हणाला, "आमंत्रण नाही काही नाही, घरातलं कार्य आहे ना?" वहिनीने त्याला फुलं आणायला पिटाळलं. पुढच्या दिवसांत ती पेट्यांकडे पाठ करूनच पाणी बदलायची. सवय लवकर जात नाही.

तिसरं मलम झालं. या वेळी मी ते आधी प्रयोगशाळेत नेलं. आकडा जुन्या मलमाला अगदी खेटून आला. मी कागद आणून अण्णांच्या टेबलावर ठेवला, फार ऐटीत. वहिनीने मलमाची डबी शेजारी ठेवली. अण्णांचा डावा हात अजून पट्टीत होता, म्हणून मी त्यांची उजवी बाही वर करायला पुढे झाले.

"कशाला?" अण्णा म्हणाले. "यंत्राने सांगितलं ना बरोबर आहे म्हणून? मग झालं. आता हातावर लावायची गरज नाही. इथून पुढे छोटी तपासून देत जाईल."

ज्या माणसाने माझ्या यंत्राला आजवर 'तुझा तो खोका' म्हटलं, तो एका कागदावर विश्वास ठेवून मोकळा झाला. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. वहिनीचा चेहरा बघितला आणि झाला नाही.

"म्हणजे हातावर लावायचंच नाही?" वहिनीने विचारलं.

"नाही."

"आजवर लावत होता ते?"

"आजवर यंत्र नव्हतं."

"यंत्र छोटीकडे किती वर्षं आहे, अण्णा. तुम्ही कधी विचारलं नाहीत." वहिनी हळू बोलत होती. "दुकान मला देणार म्हणालात. मग हातावर लावायची वेळ आता माझी येते. म्हणून नको म्हणताय का?"

अण्णांनी डबी बंद केली. पुन्हा उघडली. "हा हात बघ," ते म्हणाले. "असा हात घेऊन मी जन्म काढला. कोणी विचारलं तर हसत सांगतो. पण हिच्या आईला मी मलमाच्या खोलीत येऊ दिलं नाही, ती शेवटपर्यंत म्हणत होती तरी. हिला शाळेत धाडलं. आता तुझ्या हातावर हे डाग मी बघायचे? माझ्याच्याने नाही होणार, सूनबाई. औषध कर, दुकान चालव, सगळं तुझं. तेवढं एक सोड."

मी चाळिशी ओलांडलेली बाई, आणि मला इतक्या वर्षांनी कळत होतं की मला बाहेर काढलं ते का. राग जागच्या जागी राहिला, पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं. आई असती तर तिने काय म्हटलं असतं, असा विचार माझ्या मनात आला. वहिनीनेच ते म्हटलं.

"मग ते तुमचंच राहिलं. मी नुसती ढवळणारी." तिने बाही कोपरापर्यंत सारली. "समोरच्याला मी सांगणार, रात्री ठणकेल, सकाळी फोड येईल, घाबरू नका. कशाच्या जोरावर सांगू? छोटीच्या कागदाच्या?"

माझा कागद टेबलावर होता. आकडा खरा होता, आणि वहिनी म्हणत होती तेही खरं होतं, म्हणून मी मध्ये पडले नाही.

वहिनीने काडीवर मोहरीएवढं मलम घेतलं आणि स्वतःच्या हातावर लावलं. पट्टी चिकटवताना तिला एका हाताने जमेना. अण्णा उठले नाहीत. मी पट्टीचं दुसरं टोक दाबून धरलं. अण्णा मागच्या जिन्याने वर निघून गेले, आणि रात्री जेवायलाही आले नाहीत.

सकाळी मी सुट्टी टाकून आले. वहिनीने माझ्यासमोर पट्टी काढली. फोड वाटाण्याएवढा, स्वच्छ, गोल. "ठणकलं?" मी विचारलं. "चांगलंच," ती म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला होता की ती पट्टी हातात घेऊन उगाचच खोलीभर फिरली. मग दुकानाचं दार उघडलं. अण्णांची चाहूल नव्हती. दादा कामावर जाताना सांगून गेला, "दार लावून बसलेत. मी काही बोललो नाही. मला जीव प्यारा आहे."

बाकावर माणसं आली. एक शिंपी आणि एक कॉलेजातली मुलगी. वहिनी टेबलामागे बसली, पण अण्णांच्या खुर्चीत नाही, शेजारच्या स्टुलावर. शिंप्याचा हात घेतला, भिंगातून बघितला. ती अण्णांसारखंच सगळं विचारत होती, कधीपासून आहे, वाढते का, साखरेचा त्रास आहे का. शिंपी सारखा मागच्या दाराकडे बघत होता. "ते नाहीत का?" असं त्याने शेवटी विचारलंच. वहिनीने काडी खाली ठेवली. मला वाटलं, आता हा उठून जातो.

तेवढ्यात रस्त्याकडचं दार उघडलं आणि अण्णा आत आले. घरातून दुकानात यायला आतला जिना आहे. जन्मात मी त्यांना रस्त्याकडून येताना पाहिलं नव्हतं. ते आले आणि बाकाच्या टोकाला, त्या मुलीच्या पलीकडे, बसले.

मुलगी गडबडून उठायला लागली. "बसा, बसा," अण्णा म्हणाले. "तुमचा नंबर आधी आहे."

शिंप्याने अण्णांकडे बघितलं, मग वहिनीकडे, आणि हात परत पुढे केला. वहिनीने मलम लावलं. रात्री ठणकेल म्हणाली, आणि कसं ठणकेल ते बाही वर करून दाखवलं. शिंपी वाकून बघत राहिला. मग मुलीची पाळी झाली. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून आपल्या नंबराची वाट बघत होते. मी दाराला टेकून उभी होते, आणि मला धड हसता येत नव्हतं आणि रडताही येत नव्हतं.

मुलगी गेली. अण्णा उठून टेबलासमोरच्या स्टुलावर बसले. चप्पल काढली आणि डावा पाय गुडघ्यावर घेतला. टाचेखाली एक कडक, पिवळट गाठ होती.

"कुरूप आहे," ते म्हणाले. "चालताना टोचतं."

वहिनीने दिवा खाली ओढला, पाय हातात घेतला, वरची मेलेली कातडी पात्याने हलकेच खरवडली आणि भिंग लावलं. तिने घाई केली नाही. "कुरूप नाही हे," ती म्हणाली. "आत काळे ठिपके आहेत. चामखीळ आहे. कधीपासून?"

"बरीच वर्षं."

"दाखवलं का नाही कोणाला?"

"कोणाला दाखवणार? चामखिळीचा वैद्य मीच," अण्णा म्हणाले. "आणि स्वतःला लावून गेली नाही, तर लोकांना काय तोंड दाखवू?"

वहिनीने मान डोलावली, जशी ती कोणत्याही माणसापुढे डोलावते. "साखरेचा त्रास?"

त्यांचा चहा रोज तीच करते.

"नाही," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

तिने काडीवर मलम घेतलं. अण्णांचा पाय जरासा मागे गेला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना धीर दिला, त्याने बाकावरच्या कोणीही विचारतो तेच विचारलं. "दुखेल का?"

"आज नाही. उद्या दुखेल, टाचेला जरा जास्तच," वहिनी म्हणाली. "दोन-तीन दिवस पाय टेकायचा नाही. वरच राहायचं, जिना उतरायचा नाही."

"आणि दुकान?"

वहिनीने वर पाहिलं नाही. "दुकानाला काय झालंय?" ती म्हणाली. "पाय पुढे करा."

अण्णांनी पाय पुढे केला.